प्रेरणेचा कायमचा पत्ता

सोमवार, १५ एप्रिल. मिरजेत सकाळपासून कोरडं ऊन होतं, वारा नव्हता. अकरा वाजून दहा मिनिटांनी तेजल चौगुलेच्या प्रोजेक्टची प्रेरणा कॉलेजच्या खिडकी क्रमांक तीनवर हजर झाली आणि तिने ना-हरकत दाखला द्यायला नकार दिला.

इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला हा दाखला लागतो. पहिल्या शीटवर विद्यार्थ्याने जी प्रेरणा लिहिली असेल, तिने स्वतः यायचं, रेखाटनं बघायची आणि 'हे माझ्यावरून सुचलं आहे, माझी हरकत नाही' असं लिहून सही करायची. त्याशिवाय प्रोजेक्ट परीक्षकांपुढे जात नाही. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. प्रोजेक्ट गेला नाही तर तेजलचं वर्ष जाणार होतं आणि एक मेपासून कोल्हापूरला ठरलेली नोकरीही.

तसं पाहिलं तर काळजीचं कारण नव्हतं. वर्षात दोन प्रोजेक्ट असतात आणि दोन्ही मिळून दोनशेपैकी ऐंशी गुण पडले की विद्यार्थी पास होतो. पहिल्या प्रोजेक्टला, म्हणजे जानेवारीत स्वतःच्या घरातलं स्वयंपाकघर नव्याने करून दाखवलं त्याला, तेजलला अठ्ठ्याहत्तर मिळाले होते. दुसरा नुसता जमा झाला असता तरी भागलं असतं.

इतरांचे दाखले सुरळीत चालले होते. सकाळी गणपतीपुळ्याची एक लाट सही करून गेली होती. शिपाई अजून फरशी पुसत होता. तिच्यानंतर मौन आलं. त्याच्याकडून नाव आणि पत्ता काढून घेण्यात खिडकीवरच्या हेरवाडकरांची वीस मिनिटं गेली, पण शेवटी तेही काम झालं.

तेजलने लिहिलं होतं, 'सुगरण पक्ष्याचं घरटं'. घरट्याच्या वतीने ते विणणारा पक्षी कृष्णाकाठच्या बाभळीवरून आला होता. हंगाम अजून लांब असल्यामुळे त्याला सवड होती. तो खिडकीच्या कठड्यावर बसला आणि त्याने नऊच्या नऊ शीट्स सावकाश पाहिल्या.

प्रोजेक्ट होता एका खोलीच्या घराचा. एकशे ऐंशी चौरस फुटांत चार नोकरदार बायकांनी राहायचं. तेजलने सगळं घर एका भिंतीवर चढवलं होतं. झोपायच्या घडीच्या खाटा उभ्या खाचांत एकामागे एक लावायच्या, खुर्च्या हुकांना टांगायच्या, अगदी वर सामानाच्या पेट्या मोठीपासून लहानीपर्यंत उतरत्या ओळीत ठेवायच्या. जमीन मोकळी. काहीही झाकलेलं नाही.

"यात एक गाठ दाखव," पक्षी म्हणाला.

तेजलला दाखवता आली नाही.

"माझ्या घराला दार खालून असतं. आत काय आहे ते बाहेरून कुणाला दिसत नाही. इथे तर सगळं उघड्यावर टांगलंय. चांगलं आहे, पण माझं नाही. पोरीवर माझा राग नाही, साहेब. पण मी सही केली तर ती खोटी ठरेल."

हेरवाडकरांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं. पक्षी उडून गेला.

झालं होतं ते असं, की तेजलने आधी घर काढलं होतं आणि प्रेरणा मागाहून शोधली होती. वर्गातले सगळेच तसं करतात. रेखाटनं पूर्ण झाली की सबमिशनच्या आठवड्यात पहिली शीट करायला घेतात आणि निसर्गातलं काहीतरी बघून चिकटवतात. तिचे मार्गदर्शक नदाफ सर दर वर्षी सांगत, पक्षी घ्या, पान घ्या, परीक्षकांना बरं वाटतं. आणि लाटेला किंवा पानाला सहसा फारसं काही विचारायचं नसतं. सुगरण मात्र कामातला बारकावा बघणारी निघाली.

हेरवाडकरांनी दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवला. प्रेरणा एकदाच बदलता येते, तीही त्याच दिवशी. अर्जात एकच मोठा रकाना होता : रचना पहिल्यांदा सुचली तेव्हा अर्जदार कुठे होता, काय करत होता आणि समोर काय होतं.

"आठवून लिहा," हेरवाडकर म्हणाले. "घाईने लिहू नका. पण पाचला खिडकी बंद होते."

तेजल जिन्यात बसली. पहिलं चित्र तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलं होतं, हे तिला आठवत होतं. कॅलेंडरचं पान डिसेंबरचं होतं. पानावर हिरवट डाग होता, कारण ती तेव्हा मटार सोलत होती. म्हणजे स्वयंपाकघर. मटार ती नेहमी दाराशी पाट टाकून सोलते. दाराशी बसलं की समोर ओट्याची भिंत येते. बारा वाजून पाच मिनिटांनी तिने रकान्यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं, 'स्टीलची मांडणी', आणि पेन खाली ठेवलं.

भिंतीवर चार खिळ्यांना टांगलेली ती मांडणी तिच्या आईच्या लग्नात आंदण आली होती. ताटं उभी ठेवायला खाचा, कपांना हुक, वरच्या फळीवर डबे मोठ्यापासून लहानापर्यंत. जानेवारीत पहिल्या प्रोजेक्टसाठी तेजलनेच ती उतरवली होती, त्या जागी मोतिया रंगाचं बंद कपाट बसवलं होतं आणि मांडणी मगदूमांच्या भंगाराच्या दुकानात पोचवली होती.

तेजल त्या दुकानात पोचली तेव्हा मगदूमकाका जेवायला बसले होते. ते म्हणाले, मांडणी आहे, पण तीनच्या ट्रकने माल भट्टीला जाणार, काय बघायचं ते लवकर बघ. ती एका कूलरच्या सांगाड्याखाली होती. तेजलने सांगाडा बाजूला केला आणि शीट्स तिच्यापुढे धरल्या. मांडणीने बराच वेळ घेतला.

"खाचा माझ्या आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज रिकाम्या पातेल्यासारखा होता. "वरची उतरती ओळ माझी. हुक माझे, पण माझे सहा होते, आता पाच आहेत. एक तू उतरवताना गेला."

"मग सही कराल?"

"तेव्हा तू काय म्हणाली होतीस?"

तेजलने कूलरचा सांगाडा आणखी थोडा बाजूला सरकवला.

"सगळा पसारा दाखवणारी गावठी वस्तू, असं म्हणाली होतीस. मिस्त्रीसमोर. आणि इथे त्याच पसाऱ्याला तू चौथ्या शीटवर नाव काय दिलंयस?"

"खुली साठवण."

"वाचून दाखव एकदा."

तेजलने वाचून दाखवलं. मगदूमकाका जेवता जेवता थांबले होते.

मांडणी म्हणाली, सुचलंय ते माझ्यावरूनच, ते मी नाकारणार नाही. पण दाखल्यावर प्रेरणेचा कायमचा पत्ता लिहावा लागतो. मगदूमांचं दुकान हा काही कायमचा पत्ता नाही, तीन वाजता तो बदलणार आहे. मला पत्ता दे, मी सही देते. पत्ता म्हणजे काय, असं तेजलने विचारलं, तर ती म्हणाली, "चार खिळे. त्याच भिंतीत, त्याच जागी. माणूस बाहेर गेला तरी पत्ता घरीच असतो, तसं."

तेजलने मांडणी रिक्षात घातली आणि वाटेत नदाफ सरांना फोन केला. सरांनी नियम चौदा वाचून दाखवला. प्रत्यक्ष उभा केलेला प्रोजेक्ट निकालाआधी मोडला तर त्याचे सगळे गुण रद्द होतात. म्हणजे कपाट उतरलं की अठ्ठ्याहत्तर गेले आणि पास व्हायला लागणारे ऐंशी एकट्या दुसऱ्या प्रोजेक्टला पडायला हवेत. गेल्या सहा वर्षांत शेवटच्या प्रोजेक्टला ऐंशी किंवा त्यावर गुण दोघांनाच मिळाले होते. एक त्यातला आता दुबईत असतो, असंही सरांनी सांगितलं.

घरी पोचायला एक वाजून पन्नास झाले. तेजलची आई राजश्री पोळ्या करून ओटा पुसत होती. तिला ते कपाट आवडलं होतं. सुरुवातीला तिने खूप विरोध केला होता, पण तीन महिन्यांत तिला दारं लावून घ्यायची सवय झाली होती. भांड्यांवर धूळ नाही, आल्यागेल्याची नजर नाही. शेजारच्या दोघी-तिघींना तिने ते उघडून, मिटून दाखवलं होतं. दारात मांडणी बघून तिने फडकं बाजूला ठेवलं आणि तेजलचं सगळं ऐकून घेतलं.

"एका प्रोजेक्टला ही काढली, दुसऱ्याला लावायची," ती म्हणाली. "तिसरा प्रोजेक्ट आला की मला कुठे टांगणार आहेस, ते आत्ताच सांग. माझी तयारी असू दे."

"आई, पाचची वेळ आहे."

"तुझ्या वेळा मला पाठ झाल्यात." मग ती मांडणीकडे वळली. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं पोरीला सांगितलंय, ताई," मांडणी म्हणाली. "तुमच्यावर जोर नाही. कपाट चांगलं आहे. मी बघितलंय ते बसवताना."

राजश्रीने कपाट उघडलं, आतला वरचा डबा काढून ओट्यावर ठेवला. मग दुसरा. मग ताटं. ती हो म्हणाली की नाही हे तेजलला कपाट पुरतं रिकामं झाल्यावर कळलं.

कपाटाला अठरा स्क्रू होते. ते कुठे आहेत हे तेजलला बघावं लागलं नाही, तिनेच ते काढले होते कागदावर. सोळा निघाले. दोन घसरले, त्यांचे माथे गेले होते. ती हत्याराने उचकटत राहिली आणि अडीच वाजले, पावणेतीन वाजले, कपाट एका कडेने लोंबायला लागलं. राजश्रीने खालून दोन्ही हातांनी ते पेललं. तीन वाजून दहा मिनिटांनी दुसरा स्क्रू प्लास्टरसकट बाहेर आला आणि कपाट दोघींनी मिळून जमिनीवर उतरवलं.

मागची भिंत सपाट होती. जुनी भोकं पुट्टीने बुजवून वर रंग मारला होता, तेजलनेच तसं सांगितलं होतं. मांडणी म्हणाली, त्याच जागी हवेत, बोटभर इकडे-तिकडे झाले तर तो दुसरा पत्ता होतो. तेजलने टेप काढली, पण जुनी मापं कुठे लिहिलेली नव्हती. तिने भिंत ठोकून पाहिली. सगळीकडे सारखाच आवाज येत होता. तीन वाजून पस्तीस झाले.

"सरक," राजश्री म्हणाली.

ती ओट्यासमोर रोजच्या जागी उभी राहिली आणि भिंतीकडे न बघता तिने ताट ठेवायला वर करावा तसा उजवा हात वर केला. बोट टेकलं तिथे म्हणाली, इथे. मग डावा हात, कप अडकवायचा. इथे. खालचे दोन तिने वाकून दाखवले. तेजलने चारही ठिकाणी ड्रिल लावलं. चारही ठिकाणी आधी पुट्टीचं पांढरं पीठ पडलं आणि आत जुनं भोक लागलं.

खिळे ठोकून मांडणी टांगली, तेव्हा चार वाजून दोन मिनिटं झाली होती. राजश्रीने तिच्यात एक ताट ठेवलं. ताट खाचेत बसल्याचा आवाज झाला.

"पत्ता बरोबर आहे," मांडणी म्हणाली. "चला आता. खिळे राहू देत."

तिला पुन्हा उतरवून रिक्षाने कॉलेजला नेलं. राजश्रीही सोबत आली, घरमालक म्हणून पत्त्याचं पत्र तिला द्यायचं होतं. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडीचे डबे मोजायचे नाहीत असं ठरवूनही तेजलने एकोणचाळीस मोजले. खिडकी क्रमांक तीनपाशी त्या तिघी पोचल्या, तेव्हा चार वाजून एकावन्न मिनिटं झाली होती आणि हेरवाडकर शिक्क्यावर झाकण ठेवत होते.

त्यांनी पत्र वाचलं, मांडणीला शीट्स दाखवल्या, हरकत आहे का विचारलं. मांडणी म्हणाली, हरकत नाही, मात्र पहिल्या शीटवर माझं नाव माझ्या नावानेच लिहावं, 'खुली साठवण' नको. तेजलने 'सुगरण पक्ष्याचं घरटं' खोडून तसं लिहिलं. मग सहीचा प्रश्न आला. मांडणीला हात नव्हते, अंगठा नव्हता. नियमात लाटेसाठी ओल्या ठशाची सोय होती, भांड्यांसाठी काही नव्हतं. चार वाजून पंचावन्न झाले.

"खालच्या पट्टीवर बघा," राजश्री म्हणाली.

खालच्या पट्टीवर भांडीवाल्याने टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं : चि. सौ. कां. राजश्री, दि. ११-५-१९९९. हेरवाडकरांनी चष्मा वर करून ते वाचलं. मग त्यांनी दाखल्याचा कागद पट्टीवर ठेवला आणि वरून पेन्सिल आडवी फिरवली. टिंबं एकेक करून कागदावर उमटली.

"हे नाव तर यांचं आहे," ते राजश्रीकडे बघून म्हणाले.

"पंचवीस वर्षं माझ्या अंगावर आहे," मांडणी म्हणाली. "माझ्याकडे दुसरं नाही."

हेरवाडकरांनी घड्याळ पाहिलं, शिक्का उघडला आणि मारला. आवक क्रमांक ११७, वेळ चार सत्तावन्न. पाचला खिडकी बंद झाली.

तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तेजलला एकच प्रश्न विचारला, खाटांच्या खाचा साडेतीन इंचांच्याच का. तेजल म्हणाली, ताट जसं तिरकं न होता, न शोधता हाताला लागतं, तशी खाट लागायला हवी. बाईंनी पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. ते तिला दिसलं नाही.

निकाल सोमवार, २९ एप्रिलला दुपारी बारा वाजता लागला. आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता. तेजल राजश्री चौगुले : प्रोजेक्ट एक, शून्य. प्रोजेक्ट दोन, ऐंशी. एकूण ऐंशी. पास. मांडणी जमिनीपासून चार फूट सात इंचांवर टांगलेली असून तिच्यात सोळा ताटं, पाच कप आणि नऊ डबे आहेत. सहावा कप ओट्यावर ठेवला जातो.