पिवळ्या गळ्याचा पक्षी

पक्षी दिसणे आणि ‘पक्षी दिसला’ असे म्हणणे, या दोन क्रियांपैकी पहिली डोळ्यांची असून दुसरी समाजाची आहे. दुसरीवाचून पहिलीला किंमत नाही. पहिलीवाचून दुसरीचे मात्र उत्तम चालते.

केनियातल्या इथुम्बानी अभयारण्याच्या पक्षीप्रेमी मंडळाला हे पक्कं ठाऊक होतं. सिंह, हत्ती वगैरे बघणं हे परदेशी पाहुण्यांचं काम, असं मंडळाचं मत होतं. (सिंह ओळखायला अभ्यास लागत नाही. ओळखण्यात चूक झालीच, तर ती सुधारायला माणूस उरत नाही.) मंडळाचा जीव चिमणीएवढ्या, तपकिरी, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पाखरांवर. पक्षी जितका कमी दिसेल, तितका तो थोर.

पोस्टात काम करणारी वायुआ मंडळात नवी होती. नवरा गेल्यापासून रविवार तिला खायला उठायचा. घरात एकटीने भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा चार माणसांत झाडाकडे बघावं, म्हणून तिने खाकी टोपी आणि एक जुनी दुर्बीण घेतली.

पहिल्याच रविवारी गाडी थांबवून मंडळाचे अध्यक्ष मुसेंबी मास्तर यांनी एका बाभळीकडे बोट केलं. मास्तर निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे बोटाला वजन होतं.

“तो बघा. डावीकडच्या फांदीवर.”

सगळ्या दुर्बिणी वर गेल्या. बँकेतले कियोको साहेब “वा” म्हणाले. मग सगळेच “वा” म्हणाले. वायुआने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. फांदी होती, काटे होते.

“मला नाही दिसला,” ती म्हणाली.

मंडळाच्या स्थापनेपासून हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे त्याचं काय करायचं याचा नियमही नव्हता. नियम एवढाच होता, की सर्व सभासदांना पक्षी दिसल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत.

“घाई नाही, ताई,” मास्तर म्हणाले. “सावकाश बघा.”

ऊन चढलं. एक हत्ती येऊन गाडी आणि झाड यांच्यामध्ये उभा राहिला, त्यामुळे बाभूळ दिसेनाशी झाली. कियोको साहेबांना तरीही पक्षी दिसतच होता. सर्वांच्या पोटात कावळे ओरडू लागले, पण कावळा हा सामान्य पक्षी असल्याने त्यांची दखल घेण्यात आली नाही.

हत्ती गेल्यावर ड्रायव्हर किलोंझो हळूच म्हणाला, “ताई, माझ्या चपात्यांचे पापड झाले.”

“अरे, पण खोटं कसं बोलू?”

“खोटं कोण बोला म्हणतंय? दिसला म्हणा.”

वायुआने मागे पाहिलं. सगळे तिच्याकडे अतिशय प्रेमाने बघत होते. इतक्या प्रेमाने बघणारी माणसं पुढच्या रविवारी हाक मारायला विसरतात, हे तिला कळत होतं.

“दिसला,” ती म्हणाली. पण नुसतं ‘दिसला’ तिला फार उघडंबोडकं वाटलं, म्हणून तिने जोडलं, “गळा पिवळा आहे.”

सगळ्या दुर्बिणी पुन्हा वर गेल्या. पिवळ्या गळ्याचं तपकिरी पाखरू त्या मुलखात आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

“मी मघाशीच म्हणणार होतो,” कियोको साहेब म्हणाले.

डबे उघडले. त्या दिवशीचे उपस्थित सभासद अकरा. पिवळा गळा प्रत्यक्ष पाहणारे बारा. (बारावा किलोंझो. तो तेव्हा झाडाकडे पाठ करून जेवत होता.)

बातमी नैरोबीला पोचली आणि एक प्राध्यापक आले. वायुआच्या मनाला टोचणी लागलीच होती. त्याच बाभळीखाली तिने मास्तरांसमोर सांगून टाकलं, “साहेब, खरं सांगते, मला त्या दिवशी काहीच दिसलं नव्हतं.”

प्राध्यापकांनी डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. “साहजिक आहे, बाई. तुमची दुर्बीण हलकी. मला अगदी स्वच्छ दिसतोय.” मग दुर्बीण जरा सारखी करून म्हणाले, “गळा मात्र नारिंगी आहे.”

मास्तरांना हा मंडळाचा अपमान वाटला. “आमच्या वायुआताईंनी पिवळा पाहिलाय,” ते म्हणाले, “तो पिवळाच राहील.”

मंडळात पिवळे आणि नारिंगी असे दोन तट पडले. पिवळ्यांचं पुढारीपण न मागता वायुआकडे आलं. आता दर रविवारी तिच्या घरी माणसं मावत नाहीत. चहा उकळत राहतो, भांडणं रंगतात. खरं तिने एकदा सांगून पाहिलं होतं, कोणी घेतलं नाही. परत सांगून भरलेलं घर रिकामं करावं, इतकी काही ती सत्यवादी नव्हती.

ही हकीकत आम्ही आजवर पुष्कळांना सांगितली. मुळात तिथे पक्षी होता का, असं एकानेही विचारलं नाही. तुम्हीही विचारणार नाही. तुम्ही जाणकार आहात, वाचता वाचता तुम्हाला तो दिसलाच असेल. गळा पिवळा की नारिंगी, एवढंच सांगा.