राहनाळची बिनलग्नाची हळद

मंगळवारी सकाळी केसरीनाथ पाटील गोडाऊनच्या ऑफिसात शिरले, तेव्हा मृणाली काँप्युटरसमोर बसून रडण्याच्या बेतात होती. केसरीनाथांना पोरीबाळींचं रडणं मुळीच बघवत नसे. त्यामुळे काय झालं हे कळण्याआधीच त्यांनी ते निस्तरायचं ठरवून टाकलं.

"काका, शुभदा मॅडमचा फोन होता. उद्या येणार होत्या, त्या आजच येतायत."

"येऊ दे की. चहा ठेवायला सांगतो."

"चहाचं काय नाय हो. आपल्याकडं पाणी उद्या येणार. आज नळच कोरडे, तर मशीन दाखवू काय?"

मृणालीचं मशीन म्हणजे एक काँप्युटर आणि त्याला वायरीने जोडलेला मोबाइल. टाकीवरचा माणूस वॉल्व उघडला की त्या मोबाइलला मिस्ड कॉल द्यायचा, आणि मृणालीने बटण दाबताच पुढच्या मिनिटाला गावातल्या घरोघरच्या मोबाइलवर मेसेज जायचा, की पाणी आलंय. राहनाळला पाणी दिवसाआड येई, पण कुठल्या वेळी येईल ते टाकीलाही ठाऊक नसे. त्याची वाट बघत बायकांची गोडाऊनमधली आणि लूमवरची ड्युटी बुडत होती. मृणालीच्या आईची तर किती बुडली असेल, त्याचा हिशोब कोणी ठेवलाच नव्हता.

केसरीनाथांनी या कामासाठी आपल्या गोडाऊनची पुढची खोली फुकट दिली होती. बाहेर 'लोकोपयोगी तंत्रज्ञान केंद्र' असा बोर्ड लावला होता. गावाने जमिनी देऊन गोडाऊनं उभी केली, पण त्यात सगळा माल दुसऱ्यांचा, आपल्या पोरांनी केलेली एक वस्तू नाही, हे त्यांना सलत होतं. लोकांच्या उपयोगाचं काही नवीन करू बघणाऱ्याला जागा, लाइट आणि घरचं जेवण द्यायचं, असा त्यांनी पण केला होता. असा आलेला पहिला मुलगा जेवून पुण्याला गेला. दुसरा जेवून बंगलोरला गेला. मृणालीलाही ऐरोलीच्या एका कंपनीने एक तारखेला नोकरीवर बोलावलं होतं. ठाण्याच्या ज्या संस्थेतर्फे शुभदा कर्णिक येणार होत्या, ती असल्या नवजात उद्योगांना पैसा पुरवून वर्षभर सांभाळत असे. त्यांनी नाही म्हटलं, की बोर्ड उतरवायचा आणि खोली गोण्या ठेवायला द्यायची.

"तिसरी मी जाऊ देणार न्हाय," केसरीनाथ म्हणाले आणि स्कूटर काढून थेट टाकीवर गेले.

टाकीखाली दौलत वॉल्वमन बिडी ओढत बसला होता. पाण्याचं नाव काढताच त्याने मान हलवली.

"शेठ, वार म्हणजे वार. तुमाला सोडलं तर उद्या सगळं गाव माज्या उरावर बसंल."

"मग वाराबिगर कधी सोडतच न्हाय का तू?"

"सोडतो ना. मयत असली तर, न्हायतर हळद असली तर."

हा गावचा कायदा होता आणि तो कोणी लिहिलेला नसल्यामुळे कोणी मोडतही नसे. केसरीनाथांनी मनातल्या मनात घरातली सगळी माणसं तपासली. देवाच्या कृपेने सगळी ठणठणीत होती. बरं, धडधाकट माणसाला मारायला जीभही रेटेना.

"हळद हाय आमच्याकडं," ते म्हणाले.

"कोनाची?"

घरात बिनलग्नाचा एकच इसम होता. "दीपेशची."

दौलतने बिडी विझवली आणि उभा राहून हात जोडले. "शेठ, गुपचूप उरकताय की काय? अकराला सोडतो. जेवायला येतोच."

केसरीनाथ मोठ्या समाधानाने निघाले. पण आगरी गावात पाटलाच्या पोराची हळद ही काय पोटात ठेवायची गोष्ट आहे? दौलतने वॉल्वच्या कितीतरी आधी तोंड उघडलं. केसरीनाथ घरी पोचेतो ओटीवर शेजारच्या बायका हळदीची ताटं घेऊन बसल्या होत्या आणि आक्का धवलारिणीने घसा साफ करून लग्नाचं गाणं सुरूही केलं होतं. दारात सीताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अवो, माज्या पोराची हळद, आन मनाच सांगितली न्हाय?"

केसरीनाथांनी त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. सीताबाईंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात अशा बघण्याची केसरीनाथांना सवय झाली होती.

"हळद खोटी आसंल," त्या म्हणाल्या, "पन दारात आलेली मानसं खरी हायत. त्यांना उपाशी धाडू?"

आणि त्यांनी भात चढवला. सुक्या बोंबलांचा रस्सा ठेवला, भाकऱ्या थापायला जावा बोलावल्या. ओटीवर माणसं मावेनात, तेव्हा सगळं गोडाऊनच्या रिकाम्या भागात हलवलं. आपल्याला कोणी सांगितलं नाही म्हणून रुसलेला मंडपवाला, रुसवा दाखवायला म्हणून आला आणि खुर्च्या मांडून बसला. काल्हेरहून बँडवाले आले. दारात अडकलेला एक ट्रकवाला डोकं बाहेर काढून विचारू लागला, "सेठ, माल किधर उतारूँ? अंदर तो शादी चल रही है."

मुलगी कोण, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून ज्याने त्याने आपापली पसंत केली. कुणी वज्रेश्वरीची म्हणे, कुणी कोनगावची. खुद्द मृणालीकडे बघून दोन म्हाताऱ्या डोळे मिचकावून हसल्या, तेव्हा ती ऑफिसची कडी लावून बसली. तेवढ्यात पडघ्याहून दीपेशचा फोन आला.

"बाबा, मामा भेटला हितं. माजी हळद हाय म्हणतो. मी येऊ का?"

"तुजं काय काम हाय?" असं म्हणून केसरीनाथांनी फोन ठेवला.

या सगळ्या गर्दीतून वाट काढत शुभदा कर्णिक ऑफिसात आल्या, तेव्हा त्यांच्याही दोन्ही गालांना हळद लागलेली होती. पण बाई हिशोबी होत्या. त्यांनी रुमालाने गाल पुसले आणि खुर्ची ओढली.

"पाटीलसाहेब, अंजूर फाट्यावर रिक्षावाल्याने मला सांगितलं, राहनाळला हळद आहे, मुलगी पडघ्याची आहे आणि जेवायला बोंबील आहेत. सकाळी ठरलेली गोष्ट गावभर झाली. जिथे निरोप असे उडत जातात, तिथे या मुलीच्या मशीनची गरज काय?"

मृणालीने मान खाली घातली. केसरीनाथांना बाहेर आपले सगळे सोयरे दिसत होते. ज्यांच्यापुढे त्यांनी आजवर मान ताठ ठेवली, ती सगळी माणसं. त्यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि काय ते ठरवलं.

"मॅडम, हळद न्हाय. पाणी पायजे म्हणून मी खोटं बोललो. तोंडी निरोपाचं असंच असतं. मी एक शब्द बोललो, त्याचं लग्न झालं. या पोरीचं मशीन जेवढं झालं तेवढंच सांगतं."

"सांगेल हो. पण लोक त्याचं ऐकतील का? माझा प्रश्न तोच आहे."

त्याच वेळी टेबलावरचा मोबाइल वाजून थांबला. अकरा वाजले होते आणि दौलत शब्दाचा पक्का होता.

"पोरी, लिही," केसरीनाथ म्हणाले. "राहनाळला पाणी आलंय. अर्धा तास राहील. आणि खाली लिही, केसरीनाथ पाटलाकडं हळद नाही."

"काका, अख्ख्या गावाला जाईल."

"जाऊ दे."

मृणालीने बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग गोडाऊनभर मोबाइल किणकिणू लागले, कमरेच्या पिशव्यांतून, पोलक्यांतून, खिशांतून. आक्काचं गाणं मध्येच थांबलं. सगळ्यांनी मेसेज वाचला, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना नातवंडांनी वाचून दाखवला. केसरीनाथ कान लाल करून दारात उभे राहिले, ऐकून घ्यायच्या तयारीने.

पण त्यांना कोणी काही बोललं नाही. बायकांनी ताटं खाली ठेवली, पदर खोचले आणि घराकडे धूम ठोकली. हळदीच्या मांडवातून न जेवता उठणं म्हणजे यजमानाचा केवढा अपमान. त्या दिवशी सगळ्या गावाने केसरीनाथांचा तो अपमान केला आणि त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता इतका आनंद झाला. सीताबाईंनीही आपला मोबाइल बघितला, हातातला डाव शुभदा मॅडमच्या हाती दिला, "रस्सा हलवत राहा, खाली लागंल," म्हणाल्या आणि पळाल्या.

रिकाम्या गोडाऊनमध्ये बँडवाले तेवढे उरले. तेवढ्यात केसरीनाथांचा फोन वाजला. पलीकडे दौलत होता.

"शेठ, मनाबी मेसेज आला. हळद न्हाय म्हणं. मग वॉल्व बंद करू?"

"हात लावू नको," केसरीनाथ म्हणाले. "मेसेजात अर्धा तास लिहिलंय. हळद खोटी पडली ती पडली, पण मेसेज खोटा पडता कामा न्हाय."

"बरं. पन मग जेवन हाय का न्हाय?"

केसरीनाथांनी "दौलत जेवणाचं विचारतोय," म्हणत पातेल्याकडे बघितलं. शुभदा मॅडम मन लावून रस्सा ढवळत होत्या.

"या म्हणावं त्यांना," त्या म्हणाल्या, "आणि मृणालीला सांगा, ऐरोलीला नाही म्हणून कळवून टाक."