अक्कांचे गुडघे आणि विजेचं मशीन

देवासच्या शाळेत विज्ञान-प्रदर्शन भरलं होतं. सासूबाईंना (आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो) ते दाखवून आणावं, असं एका रविवारी माझ्याच तोंडून निघून गेलं. कुणी विचारलंही नव्हतं!

दारातच पाटी होती : ‘प्रत्येक वस्तू हात लावून पाहावी.’ मी कचेरीतला हेडक्लार्क. लोकांनी फायलींना हात लावू नये म्हणून उभा जन्म भांडलो. आणि इथे उघड आमंत्रण!

एका टेबलावर दांडा फिरवून वीज काढायचं मशीन होतं. त्याला तारांनी जोडलेल्या दोन पितळी नळ्या होत्या.

“धरा भिया, जरासा झटका बसतो,” मशीनमागे उभे असलेले शाळेचे भास्कर मास्तर म्हणाले. (भिया म्हणजे आमच्याकडचा ‘भाऊ’!)

“झटका? मला?” मी हसून नळ्या धरल्या. मास्तरांनी दांडा फिरवला. पुढे मी जे ओरडलो, ते (आमच्या सौभाग्यवती मालनच्या म्हणण्याप्रमाणे) थेट स्टेशनापर्यंत ऐकू गेलं.

“अहो, लोक बघताहेत!” मालन म्हणाली. नवऱ्याचं काय झालं, ही चौकशी नाहीच!

तेवढ्यात अक्कांनी नळ्या धरल्या. मी डोळे मिटले. किंकाळी काही ऐकू आली नाही.

“अगं बाई! गुडघ्यापर्यंत मुंग्या आल्या. मास्तर, जोरानं फिरवा!”

पाच मिनिटं झाली, दहा झाली. अक्का नळ्या सोडेनात. मास्तरांचा हात भरून आला.

“आता जावईबापू फिरवतील,” अक्कांनी हुकूम सोडला.

“मी प्रदर्शन पाहायला आलोय!”

“मग पाहा ना. फिरवता फिरवता पाहा.”

मास्तर चहा प्यायला गेले ते गेलेच. गुडघ्यांची बातमी मात्र सभागृहभर पसरली. कंबरदुखीवाल्या, खांदेदुखीवाल्या बायकांची रांग दारापर्यंत गेली. एक म्हणे हळू, दुसरी म्हणे जोरात. आमच्या साहेबांच्या मातोश्रीही रांगेत! म्हणजे थांबायची सोय नाही. अंगरखा घामानं भिजला. पंधरा वर्षं सरकारी नोकरी केली, पण इतकं काम माझ्याकडून कुणी करून घेतलं नव्हतं. आणि मालन? ती दुर्बिणीतून समोरची टेकडी बघत होती!

पण रांगेतली एक म्हातारी माझ्याकडे मोठ्या आदरानं बघत होती. तिनं अक्कांना हळूच विचारलं, “बाई, ये डागदर साब इंदौर से आए क्या?”

मी कपाळाचा घाम पुसला, ताठ उभा राहिलो आणि चेहरा शक्य तितका डॉक्टरी केला.

“कैसे डागदर!” अक्का म्हणाल्या. “हमारे जावई हैं. मशीन को मोटर नहीं है ना, इसलिए इनको लगाया है.”