पट्टा फुगला की गप्प!

"बोलण्यात आपल्याले कोणी हरवून दाखवावं!" असं नीळकंठराव दिग्रसच्या स्टँडवर छाती ठोकून सांगत. जन्मभर विमा विकलेला माणूस. धडधाकट पैलवानालाही मरणाची भीती घालून सही घेणारा! पण सध्या त्यांची गोची झाली होती. बायको, पद्मजाबाई, रुसून आर्णीला भावाकडे जाऊन बसली होती. "तुमच्या घरात माहं एक वाक्य पुरं होत नाही," एवढं एकच वाक्य तिनं जाताना पुरं केलं होतं. तेव्हापासून घर नुसतं खायला उठायचं.

"त्यात काय! दोन मिनिटं बोलतो अन् घेऊन येतो!"

त्याआधी यवतमाळला जायचं होतं. तिथल्या एका दवाखान्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांवर संशोधन चाललं होतं, आणि नीळकंठराव हौसेनं त्यात नाव देऊन बसले होते. डॉक्टर भैरवीनं त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, कमरेला डबी अडकवली.

"काका, उद्यापर्यंत काढायचा नाही. दर अर्ध्या तासानं फुगेल. तेव्हा हात सरळ, हालायचं नाही, बोलायचं तर नाहीच! बोललात की मशीन परत फुगवते."

"संशोधनात आपल्याकडून गडबड नाही होणार, डॉक्टर!"

आर्णीच्या एसटीत कंडक्टरनं "कुठं?" विचारलं आणि टूं! पट्टा फुगला. नीळकंठराव पुतळा!

"काका, कुठं जाता?"

गप्प.

"मुकं दिसते बिचारं," मागची म्हातारी हळहळली. एकानं खिडकीची जागा दिली, दुसरा हातवारे करून गाव विचारू लागला. पट्टा उतरताच नीळकंठराव ओरडले, "आर्णी!" म्हातारीनं हातच जोडले.

मेहुण्याच्या घरी पद्मजाबाईंनी पाण्याचा गिलास ठेवला आणि पाठ फिरवली.

"हे पाह्य पद्मा, चूक तुहीच—"

टूं!

"माही?" पद्मजाबाई गर्रकन वळल्या. "काय केलं मी? सांगा ना! आता काहून गप्प?"

नीळकंठराव हात सरळ ठेवून भिंतीकडे पाहत बसले. शेवटी न राहवून "पण—" म्हणाले, आणि मशीन पुन्हा फुगलं!

"तुमचं बीपी, तुमचं संशोधन! अन् मले जिना चढताना दम लागते, डोकं गरगरते. महिन्यापासून सांगून राह्यली. तोंड उघडलं की तुमचं सुरू!"

पट्टा उतरला. बोलायला आता मोकळीक होती, पण नीळकंठरावांनी आधी पायात चपला सरकवल्या.

"पद्मा, चाल. आत्ताच दवाखान्यात जाऊ," एवढंच ते म्हणाले. पद्मजाबाई पाहतच राहिल्या. मग मुकाट्यानं पिशवी भरायला गेल्या.

त्याच संध्याकाळी यवतमाळला भैरवीनं तपासलं. "काकू, बीपी बरंच वाढलंय, पण वेळेत आलात. गोळीनं येईल ताब्यात." दुसऱ्या दिवशी नीळकंठरावांची डबी उघडली, तेव्हा मात्र ती चक्रावली. "काका, एसटीत तुमचं बीपी चढलेलं, अन् संध्याकाळपासून एकदम छान! काय केलं?"

"ऐकून घेतलं," नीळकंठराव पुटपुटले.

मग काकूंचंही दिवसभराचं बीपी पाहायला भैरवीनं तोच पट्टा पद्मजाबाईंच्या दंडाला बांधला. टूं! झालं. पद्मजाबाई गप्प! म्हणजे आता आपली पाळी! नीळकंठरावांचा चेहरा खुलला. त्यांनी ऐटीत घसा खाकरला.

पद्मजाबाईंनी पट्ट्याचा हात तसूभर हलवला नाही. दुसऱ्या हाताचं बोट मात्र अलगद उचललं आणि नवऱ्याच्या ओठांवर ठेवलं.