सोनेरी सशाचा डबा

मो सरांनी सगळे मूनकेक खाऊन टाकले, तिथूनच हे प्रकरण बिघडायला सुरुवात झाली.

तसा माणूस साधा. खरं नाव इमरिस प्रोबर्ट, गाव तिकडे दूर वेल्समध्ये, आणि काम म्हणाल तर चीनच्या पश्चिम हुनानमधल्या आमच्या बाईशी गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणं. ते नाव गावाच्या जिभेला पेललं नाही, म्हणून गावाने त्यांचे मो सर करून टाकले. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला शाळेने प्रत्येक शिक्षकाला मूनकेकचा, म्हणजे सारण भरलेल्या गोल भाजक्या केकचा, एकेक पत्र्याचा डबा दिला. लाल भडक रंग, झाकणावर सोनेरी ससा. इतरांनी आपापले डबे शहाण्यासारखे कपाटावर ठेवून दिले. मो सरांनी आपला उघडला आणि चहाबरोबर सगळा फस्त केला.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ते म्हणाले, "मूनकेक मस्त होते हं. मधला खारवलेल्या अंड्याचा बलक तर फारच."

शेजारच्या टेबलावरच्या तान मॅडमनी हातातला चहा खाली ठेवला. त्याही इंग्रजीच शिकवत, त्यामुळे मो सरांना माणसात आणायची जबाबदारी आपोआप त्यांच्यावर पडली होती.

"होते म्हणजे?"

"म्हणजे खाल्ले."

"सगळे?"

"हो. का? विषारी होते का?"

"अहो, मूनकेक खायला असतात का?" तान मॅडमनी कपाळाला हात लावला. "ते द्यायला असतात!"

आता यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा. मूनकेक विकत घ्यायचा तो कोणाला तरी द्यायला. त्याने तो डबा पुढच्याला द्यायचा, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. समोर उघडून बघायचा नाही, हा शिष्टाचार, आणि मागून उघडायचा नाही, हा शहाणपणा. आमच्या गल्लीत एका लोहाराने दिलेला डबा इतकी वर्षं फिरत होता, की लोहार वारला तेव्हा तोच डबा त्याच्या घरी सांत्वनाला आला. लोहाराच्या बायकोने झाकणावरचा पोचा ओळखला म्हणतात, आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

मो सरांच्या घरी सणासुदीला द्यायला डबाच नाही, याची तान मॅडमना इतकी कणव आली, की त्यांनी स्वतःचा डबा त्यांना देऊन टाकला. शाळेचाच, तोच लाल, तोच ससा. "तुम्हाला पण सेम मिळाला? काय योगायोग!" मो सर म्हणाले. तान मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं.

रिकाम्या डब्याचा मो सरांनी चांगला उपयोग केला. बाईशीची हवा अशी ओली, की इथे आगपेटीतल्या काड्यांवर शेवाळ येतं. म्हणून त्यांनी आपला पासपोर्ट त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. सोबत वेल्सच्या किनाऱ्यावरून आणलेला एक करडा, गुळगुळीत दगड. तो कशाला, ते विचारू नका. परदेशी माणूस घरची आठवण म्हणून काहीही बाळगतो.

दोन डबे शेजारी शेजारी, आणि दारावर थाप पडली.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण तियान आजी भाजलेलं बदक घेऊन उभ्या होत्या. बदक घेतलं, पण आजींना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? तान मॅडमनी शिकवलेलं सगळं मो सरांना त्या क्षणी आठवलं. त्यांनी झटकन एक डबा उचलून दोन्ही हातांनी पुढे केला.

"अगंबाई, नको नको! मी काय डब्यासाठी आले होते का?"

"घ्या ना आजी."

"मुळीच नाही! मी येतच नाही मग परत." असं म्हणत आजी जिना उतरू लागल्या. मो सर डबा घेऊन मागे. पहिल्या वळणावर त्यांनी डबा आजींच्या काखेत कोंबला, दुसऱ्या वळणावर आजींनी तो त्यांच्या पोटात ढोसला, आणि शेवटी आजींच्या उंबरठ्यावर त्यांनी तो आत सरकवून दार बाहेरून ओढून घेतलं. आतून आजींचा समाधानी आवाज आला, "काय बाई हट्टी माणूस!"

जमलं आपल्याला, असं म्हणत मो सर शीळ घालत वर आले.

मग ऑक्टोबरची मोठी सुट्टी जवळ आली. मो सरांची आई येणार होती. शनिवारी तिचं विमान चांग्शाला उतरायचं होतं आणि ते सकाळच्या गाडीने तिला आणायला जाणार होते. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा देश सोडला होता. गुडघा दुखरा, सरकत्या जिन्याची भीती, आणि मोबाईल होता, पण हरवेल म्हणून तो घरीच ठेवून निघाल्या होत्या. "तू बाहेर ये, मी समोरच उभा असेन," एवढं एकच वचन घेऊन त्या विमानात बसल्या होत्या. शुक्रवारी दुपारी मो सरांनी पासपोर्ट काढायला डबा उघडला. आतून मूनकेक त्यांच्याकडे टकामका बघत होते.

पासपोर्टाशिवाय परदेशी माणसाला गाडीत पाय ठेवू देत नाहीत. मो सर दोन-दोन पायऱ्या उतरत आजींकडे धावले.

"आजी, तो डबा..."

"अहाहा!" आजींनी डोळे मिटले. "काय चव, काय चव!"

"खाल्लात?"

"सगळा! कणसुद्धा ठेवला नाही."

मो सरांनी जरा वाकून विचारलं, "आजी... आत काही कडक लागलं का?"

"छे हो! लुसलुशीत."

मो सरांनी आजींच्या तोंडात उरलेल्या दातांकडे बघितलं. पासपोर्ट एक वेळ समजू शकतो. पण दगड?

त्यांनी तान मॅडमना गाठलं. त्या शाळेच्या फाटकाजवळ तांदळाच्या शेवयांचा वाडगा घेऊन बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी आधी रस्सा संपवला, मग म्हणाल्या, "त्यांनी कशाला खाल्ला असेल? त्यांनी पुढे दिला."

"मग तसं सांगायचं ना!"

"तुमची भेट मी दुसऱ्याला देऊन टाकली, असं तुमच्या तोंडावर? मो सर, तुम्हाला आई आहे ना? तिने काही शिकवलं नाही?"

"पण मला पासपोर्ट हवाय! आईला आणायचंय!"

"मग विचार करा. आजींनी नवीन कवळी कोणाकडे करायला टाकली आहे?"

"मला काय माहीत?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. डॉक्टर पेंग. पण सरळ जाऊन डबा मागू नका. दात दुखतोय म्हणा."

डॉक्टर पेंग हे आमच्या गावचे दातांचे डॉक्टर. सुपारी चघळणाऱ्या गावात दातांच्या डॉक्टरला मरायलाही फुरसत नसते. पण मो सरांना बघताच त्यांनी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला हाताला धरून उठवलं. मो सर बसले. तोंड उघडलं. आणि मग लक्षात आलं, की तोंड उघडं ठेवून काहीच विचारता येत नाही.

"आ-आ-आवा?"

"डबा?" डॉक्टरांना बरोबर कळलं. "तियान आजींनी दिलेला? अहो, काय सांगू! मी आणि बायको, दोघं अंगणात बसून, चंद्राकडे बघत बघत खाल्ला. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"आ-आन आय ओअं?"

"आत काय होतं? कमळाच्या बियांचं सारण. ही दाढ मात्र काढावी लागेल."

"आं! आं!"

"बघा, हात लावला तरी दुखतीये."

मो सर बाहेर आले ते अर्धा गाल बधिर घेऊन. दाढ वाचली होती, पण तिच्यात न मागता चांदी भरली गेली होती. एकच पासपोर्ट दोन घरांनी संपूर्ण खाल्ला, हे गणित त्यांना काही सुटेना.

"डॉक्ताव ख्होतं बोलतायत," ते तान मॅडमना म्हणाले.

"खोटं कसलं? चांगलं बोलतायत. त्यांची मुलगी यंदा आपल्या शाळेत आली ना? म्हणजे डबा मुख्याध्यापकांकडे गेला."

"म्हन्जे आता वव जाऊन..."

"वर जाऊन काहीही विचारायचं नाही! मुख्याध्यापकांना डब्याबद्दल विचारलंत, तर उद्या त्यांना वाटेल तुम्हाला दुसरा हवाय. मग ते देतील. मग तुम्हाला त्यांना परत काहीतरी द्यावं लागेल. मग ते..."

"पव माजी आई!" मो सर रस्त्यातच ओरडले. "ती तिथे एक्तीच उबी वाहील! तिला पानी म्हनायलासुद्धा येत नाई इथल्या भाशेत!"

तेवढ्यात शाळेचा शिपाई आला. मुख्याध्यापक शियांग यांनी मो सरांना बोलावलं होतं.

मुख्याध्यापक शियांग म्हणजे भारदस्त गृहस्थ. बोलण्याआधी खाकरत, बोलून झाल्यावर खाकरत आणि मध्ये अर्थ असेल तर तिथेही खाकरत. सगळे शिक्षक रांगेत उभे होते.

"मो सर, तुमच्या मातोश्री येणार, असं कळलं." खाकरून ते टेबलामागे वाकले आणि वर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत लाल डबा होता. झाकणावर सोनेरी ससा. "शाळेतर्फे त्यांच्यासाठी ही अल्पशी..."

डबा हलला. आत काहीतरी खडखडलं.

मूनकेक खडखडत नाहीत. ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुख्याध्यापक मोठ्याने खाकरले. उपमुख्याध्यापकही खाकरले. इतिहासाच्या सरांना एकदम ठसकाच लागला.

मो सरांनी झडप घालायला हात पुढे केले, तेवढ्यात तान मॅडमनी मागून असा चिमटा काढला, की त्यांच्या बधिर गालालाही कळलं. आधी नाही म्हणायचं असतं!

"न... नको सर," मो सर म्हणाले. डोळे डब्यावर.

"घ्या घ्या."

"नको. खवंच नको." हे म्हणताना त्यांचा आवाज रडवेला झाला.

मुख्याध्यापक थांबले. परदेशी माणूस. यांच्यात नको म्हणजे नकोच असतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी डबा जरासा मागे घेतला. "तुमचा फारच नकार असेल, तर आम्ही जबरदस्ती..."

"नाईईई!" मो सरांनी डब्याचं दुसरं टोक पकडलं. मुख्याध्यापकांना वाटलं, हा तिसरा नकार, म्हणजे रीत पूर्ण झाली, म्हणून ते जोर लावून डबा पुढे ढकलू लागले. मो सर त्याच वेळी जोर लावून ओढू लागले. आणि डबा छातीशी कवटाळून मो सर थेट नकाशांच्या कपाटावर जाऊन आदळले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी नम्रता एका परदेशी माणसात गावाने पूर्वी बघितली नव्हती.

जिन्याखाली जाऊन त्यांनी डबा उघडला. वर मूनकेक होते, पण एकासारखा दुसरा नाही. एक घरी थापलेला, वाकडातिकडा, तियान आजींच्या हातचा. एक बिनसाखरेचा, असला मूनकेक दातांच्या डॉक्टरशिवाय गावात कोण घेणार? एक शाळेचा. त्यांच्याखाली पासपोर्ट, थोडा तेलकट, पण सुखरूप. आणि दगड. तो कोणीतरी स्वच्छ धुऊन त्याला लाल फीत बांधली होती.

मो सरांनी फितीची गाठ चाचपून बघितली.

"म्हणजे यांना सगळ्यांना माहीत होतं," ते तान मॅडमना म्हणाले. जीभ आता जरा वळायला लागली होती.

"काय माहीत होतं?"

"की आत माझा पासपोर्ट आहे!"

"कसला पासपोर्ट? आजींनी मूनकेक खाल्ले. डॉक्टरांनी मूनकेक खाल्ले. तुम्ही स्वतः ऐकलंत."

"पण आजी माझ्या खालीच राहतात! सरळ वर येऊन द्यायचा ना!"

"काय म्हणून द्यायचा? की मो सर, सणाला तुम्ही मला दगड दिलात?" तान मॅडमना खरोखरच धक्का बसला होता. "इतकं तोंडावर बोलायला आम्ही काय रानटी आहोत? त्यांनी तो तुमच्या दिशेने पाठवला. आणि रिकामा पाठवू नये म्हणून प्रत्येकाने पदरचं काही घातलं. आणखी काय करायचं माणसाने?"

शनिवारी चांग्शाच्या विमानतळावर प्रोबर्ट बाई बाहेर आल्या, तेव्हा मो सर समोरच उभे होते. गाल सुजलेला, हातात लाल डबा. बाईंनी आधी गालाला हात लावला, मग डब्याला.

सुट्टी आनंदात गेली. प्रोबर्ट बाई आणि तियान आजी यांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, त्यामुळे त्यांचं फार छान जमलं. दोघी तासन्‌तास गुडघ्यांबद्दल बोलत. मो सर मनाशी म्हणाले, शिकलो बुवा एकदाचं सगळं. आणि आईच्या परतीची वेळ आली तशी, दाढेच्या चांदीचे पैसे डॉक्टर पेंग यांनी घेतले नव्हते म्हणून, ते सकाळीच जाऊन त्यांना टेबलावरचा लाल डबा देऊन आले. तीनदा नकार, तीनदा आग्रह, सगळं रीतसर.

दुपारी आई बॅग भरत होती.

"इमरिस, टेबलावरचा तो सशाचा लाल डबा कुठे आहे रे?"

"का गं?"

"आतले केक मी खाल्ले. फार छान होते, तो पिवळा बलक तर विशेष. आणि रिकाम्या डब्यात माझा पासपोर्ट ठेवलाय. इथे हवा किती ओली आहे!"

मो सर खुर्चीत बसले. मग शांतपणे उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"येईल," ते म्हणाले.

"येईल म्हणजे? कोणाला दिलास? अरे, परवा माझं विमान आहे! जा आणि मागून आण!"

"मागून?" मो सरांनी आईकडे असं बघितलं, की त्या बिचारीने हातातला स्वेटर खाली ठेवला. "आई, आपण काय रानटी आहोत?"