प्रार्थनेचा खटला मी जिंकलो!

निवडणूक कशी जिंकायची हे मला कुणी शिकवू नये! नगराध्यक्षाची खुर्ची मी काही उगाच दोनदा उबवलेली नाही. त्यामुळे नगरपालिकेच्या सभेआधी होणारी प्रार्थना बंद करा म्हणून विरोधी पक्षातला चष्मेवाला कोर्टात गेला, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ऐन निवडणुकीच्या तोंडावर धर्म वाचवायची संधी, तीही घरपोच!

"खटला आपलाच, दाजी," माझा वकील मेहुणा म्हणाला. "फक्त कोर्टात खरं बोला."

राजकारण्याला असा सल्ला देणारा वकील कसला? पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

आई तर हरखूनच गेली. सभेतली ती प्रार्थना ती स्वतः रोज पहाटे म्हणते. "जन्मात पहिल्यांदा काहीतरी चांगलं करतोयस!" म्हणाली. मी लगेच फलक छापून घेतले. माझा फोटो आणि खाली 'प्रार्थनेचा पहारेकरी!'

कोर्टात मेहुणा उभा राहिला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

"साहेब, सरकारी कामात धर्म नको, हे आम्हालाही मान्य! पण या प्रार्थनेत धर्म उरलाय कुठे? नुसती सवय आहे. तिला काही अर्थच नाही. माझ्या अशिलालाच विचारा!"

न्यायाधीश माझ्याकडे वळले. "तिसऱ्या ओळीचा अर्थ काय हो?"

मी छताकडे पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. "नाही सांगता येणार, साहेब."

"मग प्रार्थना चालू असताना काय करता?"

"डोळे मिटतो."

"ध्यान लावता?"

शपथ घेतली होती हो! "डुलकी लागते," मी म्हणालो.

जिंकलो! प्रार्थना चालू राहिली, कारण ती निरर्थक ठरली. हसत बाहेर आलो, तर आमचेच कार्यकर्ते तोंडं पाडून उभे. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: 'प्रार्थनेला अर्थ नाही! नगराध्यक्षांची शपथेवर कबुली'. भाविक मतदार दारात येऊन बोलून गेले. ज्यांना प्रार्थनाच नको होती, ते तर आधीपासून खवळलेले. फलकावरच्या माझ्या फोटोला कुणीतरी मिटलेले डोळे काढले.

सारवासारव म्हणून पुढच्या सभेत मी प्रार्थना इतकी गहिवरून म्हटली, की हेडक्लार्कचेही डोळे पाणावले. चष्मेवाला मात्र शांतपणे मोबाईलवर माझं चित्रीकरण करत होता.

घरी पोचतो तोच मेहुण्याचा फोन. "दाजी, चष्मेवाल्याने तुमचा व्हिडिओ गावभर फिरवलाय. प्रार्थनेत भाव आणू नका! तुम्हाला अर्थ कळतोय असं दिसलं, तर तो पुन्हा कोर्टात जाईल!"

"मग म्हणू तरी कशी?"

"मी बोलत असताना 'हं, हं' करता ना, तशी म्हणा," स्वयंपाकघरातून बायको.

तशीच म्हटली. नेमकी त्या दिवशी भाविक मंडळी सभा बघायला आलेली. तिसऱ्या ओळीलाच उठून गेली.

निवडणुकीत असा आपटलो, की चष्मेवाला नगराध्यक्ष झाला.

संध्याकाळी आईच्या खोलीत जाऊन बसलो. खरं सांगतो, रडू यायच्या बेतात होतं.

"लोकांचं जाऊ दे गं. तू तरी देवापाशी माझ्यासाठी काही मागितलंस का?"

"मागितलं तर! रोज पहाटे तीच प्रार्थना म्हणत होते."

"मग फळली कशी नाही?"

"कशी फळेल?" आई म्हणाली. "तिला अर्थ नाही असा कोर्टाचा निकाल आहे ना? तोही तुझ्याच बाजूने!"