गोपालचं डोकं आणि आबांचा दुखवटा

साखरपुड्याला महिना राहिला असताना गोपालने डोक्याचं उरलेलं काम उरकून घेतलं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

जळगावच्या एका पाइप कारखान्यात सुपरवायझर असलेल्या गोपालचे केस तिशीतच निघून गेले होते. स्थळं यायची आणि फोटो बघून गप्प व्हायची. शेवटी गेल्या वर्षी, ट्रेनिंगला जातो असं सांगून, त्याने मानेवरचे केस काढून पुढे लावून घेतले. केस उगवले तेव्हा चोपड्याजवळच्या गावी राहणाऱ्या त्याच्या वडिलांना, सुकलाल आबांना, वाटलं की आपण दिलेलं तेल लागू पडलं. त्यांनी ते तेल गावभर वाटलं. पण मानेवरचे केस पुढेच संपले आणि टाळू होती तशीच उघडी राहिली. दोंडाईच्याच्या मोनालीला पाहायला गेला त्या दिवशी गोपाल भिंतीला टेकून बसला आणि निघताना सगळ्यांना हात जोडत उलट्या पावलांनी दारापर्यंत गेला. मोनालीच्या आई हेमलताबाई म्हणाल्या, "मुलगा किती नम्र आहे."

साखरपुड्यात मात्र पाठीमागेही माणसं उभी राहणार होती. डॉक्टर म्हणाले, "टाळूवर सुईने रंगाचे बारीक टिपके भरू. लांबून केसांचे खुंटच वाटतील." पुढचे खरे केस आणि मागचे टिपके एकसारखे दिसावेत म्हणून त्यांनी सगळ्या डोक्यावर बारीक मशीन फिरवली. काम असं फर्मास झालं की पाहणाऱ्याला वाटावं, दाट केसांच्या माणसाने नुकतंच डोकं केलंय, बाप गेल्यावर मुंडण करतात तसं.

झुलाल नानांना तसंच वाटलं. नाना या लग्नातले मध्यस्थ. गोपाल रसवंतीच्या सावलीत टोपी काढून डोक्याला हवा देत होता, तेव्हा ते समोरून चालले होते. ते थबकले, उपरण्याने डोळे टिपले आणि न बोलता पुढे गेले, कारण असलं काही भर रस्त्यात विचारू नये. घरी पोचताच त्यांनी मोनालीच्या वडिलांना, ज्ञानेश्वरभाऊंना, फोन लावला.

"गोपालचे आबा गेले हो. मी डोळ्यांनी पाहिलं."

"आबांना?"

"गोपालच्या डोक्याला. एवढे दाट केस माणूस उगाच उतरवतो का?"

अशा वेळी फोन करायचा नसतो, जायचं असतं. दुसऱ्याच दिवशी ज्ञानेश्वरभाऊ आणि हेमलताबाई गावात दारावर, म्हणजे दुखवट्याला, आले. आबांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मुलगी पाहायच्या दिवशी केळीची कापणी निघाल्यामुळे आबा गेलेच नव्हते. गोपालची आई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे घर सुनं होतं. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला भाऊंनी आपण कोण ते सांगितलं आणि हेमलताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. व्याह्यांकडेच कोणी गेलंय अशी आबांची खात्री झाली.

"कव्हय व्हयनं?" आबांनी आपल्या अहिराणीत हळूच विचारलं.

"आम्हाला कालच कळलं," ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले.

"बठ्ठा देवना हातमा शे. मानूस चांगला व्हता?"

"फार चांगलं ऐकून होतो. भेटायचं राहूनच गेलं. तुम्ही त्यांचे थोरले भाऊ का?"

"कोना?"

"सुकलाल आबांचे."

"सुकलाल त मीच शे," आबा म्हणाले.

हेमलताबाईंचा पदर डोळ्यांवरच राहिला. तेवढ्यात सुट्टीला घरी निघालेला गोपाल रिक्षातून दारात उतरला. सासऱ्यांना पाहून गडबडीने पाया पडायला वाकला आणि डोक्यावरची सैल टोपी त्यांच्याच पायांवर पडली.

"आरे, मी जित्ता शे," आबा म्हणाले, "आनि तू डोकं करी उना?"

"मग गेलं कोण?" ज्ञानेश्वरभाऊंनी विचारलं.

सुटकेची वाट समोरच होती. एखादा लांबचा काका गेला म्हणायचं की झालं. गोपालने मनातल्या मनात सगळं गोत चाळलं, पण ज्याला मारावं तो महिन्याभरात साखरपुड्याच्या पंगतीला बसणार होता. आणि मोनालीशी संसार मांडायचा तो कुणाच्या तरी खोट्या मरणावर, हे काही त्याला पटेना.

"कोणी नाही गेलं," तो म्हणाला, "माझे केस गेले होते." आणि त्याने सगळं सांगून टाकलं. आबांनी बोट ओलं करून त्याच्या टाळूवर घासून पाहिलं. रंग निघाला नाही.

"म्हणजे त्या दिवशी उलटे चालत गेलात, ते यासाठी?" हेमलताबाईंनी विचारलं. "मी सगळ्या गल्लीत तुमचं कौतुक करून आले."

ज्ञानेश्वरभाऊ गंभीर झाले. "आज केसांचं लपवलं. उद्या काय लपवाल?"

मोनाली गोपालला मनापासून आवडली होती. "त्यांना आत्ताच सांगा," तो म्हणाला. "त्या नाही म्हणाल्या तर मी काही बोलणार नाही."

भाऊंनी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि लेकीला सगळं सांगितलं.

"म्हणजे आबा बरे आहेत?" मोनालीने आधी तेच विचारलं.

"माझ्यासमोर बसलेत."

"देवच पावला. कालपासून मला घास गिळवत नव्हता." मग म्हणाली, "डोक्याचा मागून फोटो पाठवा."

फोटो भावी सासऱ्यालाच काढावा लागला, आणि तो हलल्यामुळे दोनदा काढावा लागला. उत्तर येईपर्यंत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग फोन वाजला.

"छान दिसतंय," मोनाली म्हणाली. "पण पुन्हा काही लपवलं तर मीच पाठ फिरवेन, हे त्यांना सांगा." गोपालने फोनपुढेच मान हलवली. भाऊंचा चेहरा सैल झाला, आणि अडून राहिलेला चहा एकदाचा चुलीवर चढला.

पाहुणे गेल्यावर बापलेक ओट्यावर बसले. आबा लेकाच्या डोक्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

"मी खरंच जासू, तव्हा डोकं करशी ना?"

गोपालचा हात आपोआप पुढच्या केसांवर गेला. एकेक केस सोसून लावला होता. "करसू, आबा."

"आनि ह्या टिपका?"

"त्या नही निंघतस."

"मंग लोके म्हनतीन, पोऱ्यानी डोकं बराबर करं नही." आबांनी बराच विचार केला. मग लेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी थांबस आखो काही वरीस."